तिरकी दोरी आणि पीटीचा तास

शाळेतला उंच उडीचा तास डोळ्यासमोर आणा. दोन पोरं दोरी धरून उभी, बाकीची लाईनीत. दोरी गुडघ्याएवढी असते तोवर सगळे मजेत उड्या मारतात, मग सर म्हणतात वर घ्या, अजून वर घ्या, आणि एकेक जण आऊट व्हायला लागतो. आऊट झाला की कडेला जाऊन मातीत रेघोट्या मारत बसायचं. शेवटी दोन-तीन काटक पोरं उरतात आणि अख्खा वर्ग त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतो. आता नीट बघा काय झालं, ज्याला प्रॅक्टिस सगळ्यात जास्त हवी होती त्याच्या वाट्याला सगळ्यात कमी उड्या आल्या आणि ज्याला आधीच येत होतं त्याला सगळ्यात जास्त मिळाल्या. गणिताच्या बाईंनी पहिलं उदाहरण चुकलेल्या पोराला "जा, आता तू कडेला बस" असं सांगितलं तर पालक शाळेत भांडायला येतील, पण ग्राउंडवर हे आपल्याला अगदी नॉर्मल वाटतं.

मुस्का मॉस्टन म्हणून एक शारीरिक शिक्षणातला माणूस होता, मूळचा इस्रायलचा, नंतर अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात शिकवायचा. त्याचं उत्तर एकदम साधं होतं: दोरी तिरकी धरा. एक टोक जमिनीजवळ, दुसरं छातीएवढं. कुठून उडी मारायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. बस एवढंच. पोरं आधी सोप्या जागेवरून मारतात, मग जमलं की दोन पावलं उंच बाजूला सरकतात, नाही जमलं तर परत खाली येतात, पण लाईनीतून कुणीच बाहेर पडत नाही. आणि सर काही गायब झालेले नाहीत हं, दोरी किती तिरकी, उडी कशी मारायची, उतरताना गुडघे कसे वाकवायचे हे सगळं त्यांचंच काम आहे. एकच निर्णय त्यांनी पोराच्या हातात दिलाय, आपल्याला किती अवघड पाहिजे तो.

मॉस्टनने १९६६ मध्ये पुस्तक लिहून हीच गोष्ट पद्धतशीर मांडली. त्याचं म्हणणं असं की शिकवणं म्हणजे निर्णयांची साखळी असते. काय करायचं, कुठे, किती वेळा, कुठल्या स्पीडने, थांबायचं कधी, आणि बरोबर झालं की चूक हे सांगणार कोण. एका टोकाला हे सगळं सर ठरवतात (आपलं सावधान, विश्राम, एक-दोन-तीन-चार), दुसऱ्या टोकाला सगळं विद्यार्थी, आणि मध्ये बऱ्याच पायऱ्या. पुढे सारा ॲशवर्थ यांच्यासोबत काम करत ही यादी ११ पद्धतींपर्यंत गेली. म्हणजे "विद्यार्थीकेंद्री" याचा अर्थ बॉल टाकला, शिट्टी वाजवली आणि सर झाडाखाली मोबाईल घेऊन बसले असा नाही. आणि हुकूम देणं वाईट असंही नाही, भालाफेकीत फेकायचं कधी आणि भाले आणायला पळायचं कधी हे सरांनीच ठरवावं, तिथे लोकशाही नको.

आता एकच उंची सगळ्यांना का चालत नाही, याचं कारण शरीरात आहे. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण १२व्या वर्षाच्या आसपास येतो आणि मुलांमध्ये १४च्या, पण हे झालं ॲव्हरेज, प्रत्यक्षात कुणाचा एक-दोन वर्षं आधी तर कुणाचा तेवढाच उशिरा. म्हणजे आठवीच्या एकाच बाकावर बसलेल्या दोन पोरांच्या शरीराच्या वयात दोन-तीन वर्षांचा फरक सहज असू शकतो. त्यांना एकाच दोरीवर मोजून आपण नक्की काय मोजतो, मेहनत की वाढीचं टायमिंग?

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या नेपरव्हिल गावच्या शाळांमध्ये १९९०च्या दशकात पीटीच्या शिक्षकांनी पोरांना हार्ट रेट मॉनिटर लावले. मग लक्षात आलं की मागे राहिलेलं, आळशी वाटणारं पोर कधीकधी पुढच्यापेक्षा जास्त दमछाक करत असतं, कारण फिट नसलेल्या शरीराचं हृदय त्याच कामाला जास्त ठोके मारतं. मार्क मग स्पीडऐवजी मेहनतीला देता आले. आपल्याकडे मॉनिटर कुठून आणणार हा प्रश्न बरोबर आहे, पण मनगटावर दोन बोटं ठेवून १५ सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं, हे पाचवीचं पोर पण करतं, आणि वर गणित पण होतं.

खेळातही तेच. १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात शिकवणाऱ्या बंकर आणि थॉर्प या दोघांनी म्हटलं की आधी तास-तास नुसतं टेक्निक घोटायचं आणि खेळ शेवटची पाच मिनिटं, हे उलट करा. आधी छोटा सोपा खेळ, मग प्रश्न, मग गरज वाटली की टेक्निक. कबड्डीत बघायचं तर तीन विरुद्ध तीन, छोटं ग्राउंड, दोन चढाया झाल्या की थांबवून विचारायचं, आत्ता साखळी धरायला हवी होती का, एकट्याने पकड का फसली. उत्तर पोरंच देतात, आणि मग घोटा कसा धरायचा ते शिकवलं की त्यांना ते हवं असतं.

थोडं सावध पण राहू या. स्वतः ठरवू दिलं की हालचाल जास्त पक्की शिकली जाते असं बरीच वर्षं सांगितलं जायचं, पण २०२२ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला तेव्हा दिसलं की बरेच प्रयोग लहान होते, चांगले निकालच जास्त छापून आले होते, आणि ते धरलं तर फायदा जवळपास दिसेनासा होतो. माझ्या मते तिरक्या दोरीची खरी बाजू तिथे नाहीच. ती आहे पोर खेळात टिकून राहण्यात. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांचा सिद्धांत सांगतो की माणूस आपणहून काही करत राहतो ते तीन गोष्टी मिळाल्या की: थोडी मोकळीक, जमतंय ही भावना, आणि आपली माणसं. आणि टिकून राहणं किती गरजेचं आहे बघा, जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल असं हलायला सांगते आणि २०१९ मध्ये छापून आलेल्या १४६ देशांच्या अभ्यासात ११ ते १७ वयाची ८१ टक्के पोरं तेवढं हलत नव्हती.

आरोग्याच्या धड्याचं पण असंच, समतोल आहाराचा तक्ता पाठ करण्यापेक्षा कोल्ड्रिंकची बाटली आणून मागचं लेबल वाचायला लावा. १०० मिलीला साधारण १०-११ ग्रॅम साखर, म्हणजे ३०० मिलीला आठेक चमचे, ते पोरांनी स्वतः ग्लासात मोजून टाकायचे.

"आमच्याकडे वर्गात साठ पोरं आहेत हो" असं कुणी म्हणेलच, म्हणून मॉस्टनची अजून एक पद्धत सांगतो, तिला सामान लागत नाही. जोड्या लावायच्या, एक जण करणार, दुसरा हातात तीन-चार मुद्द्यांची चिठ्ठी घेऊन बघणार आणि सांगणार, कोपर सरळ होतं का, नजर कुठे होती, मग अदलाबदल. साठ पोरांना एकदम तीस बघणारे मिळाले. चिठ्ठी नसेल तर मात्र बघणारा फक्त "भारी" म्हणतो नाहीतर चिडवतो. आणि नियम असा की सरांनी बोलायचं ते फक्त बघणाऱ्याशी, करणाऱ्याला थेट काही सांगायचं नाही, समोर चूक दिसत असली तरी बघणाऱ्यालाच विचारायचं, "चिठ्ठीत काय लिहिलंय, त्याने काय केलं?" पोरांना हे दोन तासांत जमतं, सरांना जरा जास्त वेळ लागतो.