फवारणीच्या आधी कोळी नीट पाहा

कोळी दिसला म्हणून फवारणीला बोलावणारे फोन आम्हाला नेहमी येतात. आम्ही आधी तो कसा दिसतो ते विचारतो आणि पुष्कळदा फवारणी नकोच म्हणून सांगतो. घरातले नेहमीचे कोळी ओळखायला सोपे आहेत.

छताच्या कोपऱ्यात, विस्कटलेल्या जाळ्यात उलटा लटकलेला, दोऱ्यासारख्या लांब पायांचा फिकट कोळी सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याच्यावर हलकी फुंकर मारा. जाळ्यासकट तो इतका भराभर थरथरतो की नीट दिसेनासा होतो. हाच त्याचा बचाव. मादी अंड्यांचा बारीक गोळा तोंडातच धरून बसते. हा कोळी सर्वांत विषारी असतो, फक्त त्याचे दात आपल्याला टोचत नाहीत, असे सांगतात. त्याला काही आधार नाही. उलट तो डास खातो.

भिंतीवर दिवसाढवळ्या टुणटुण उड्या मारणारा, बुटका, केसाळ कोळी जाळे विणतच नाही, माश्यांवर झेप घालतो. बोट जवळ नेले की वळून पाहतो. आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन चांगले टपोरे असतात.

खरी घाबरगुंडी उडते ती रात्री बाथरूमच्या भिंतीवरच्या चपट्या, तपकिरी कोळ्याने. पाय धरून तो 10 सेंटिमीटरच्या आसपास भरतो. तो झुरळांच्या मागावर आलेला असतो. मादीच्या पोटाखाली पांढरट चकती दिसली, तर ती अंड्यांची पिशवी. हाताने दाबला तर चावतो आणि दुखते, म्हणून बरणी पालथी घाला, खालून जाड कागद सरकवा आणि बाहेर सोडा.

जाळ्यात वाळलेले, पोकळ कोळी दिसतात ते बहुतेक मेलेले नसतात. ती टाकलेली कात असते.

अंगावर भाजल्यासारखा चट्टा उठला की कोळी फिरला म्हणतात. असे चट्टे अनेकदा पेडरस या बारीक, काळ्या-नारिंगी भुंगेऱ्याने येतात. तो दिव्याकडे येतो आणि अंगावर चिरडला की त्याच्या रसाने त्वचा पोळते. त्याला चिरडू नका, फुंकून उडवा.

चकचकीत काळा, गोल पोटावर लाल खूण असलेला कोळी मात्र ब्लॅक विडो या विषारी कोळ्याच्या कुळातला असू शकतो. त्याला हात लावू नका, आम्हाला कळवा. चावला असेल तर लगेच डॉक्टरकडे जा.

बाकी जळमटे झाडूने काढली की पुरते. शंका असेल तर जवळून फोटो काढून पाठवा. पाहून सांगण्याचे आम्ही पैसे घेत नाही.