कुडा पांढरा की काळा?

मे महिन्यात यवतेश्वरच्या घाटात किंवा सज्जनगडाच्या उतारावर पांढऱ्या फुलांनी भरलेलं झुडूप दिसलं की बरोबरचा कोणीतरी ‘कुडा’ म्हणून मोकळा होतो. कुडा असतोही, पण कोणता? आपल्याकडे पांढरा कुडा आणि काळा कुडा असे दोन आहेत. दोघंही पानझडीच्या रानातले, दोघांची पानं समोरासमोर, दोघंही उन्हाळ्यात पांढरेच फुलतात. फांदी मोडली की दोघांतून पांढरा चीक येतो. म्हणजे चिकावरून ओळखायला जाणं व्यर्थ.

फूल मात्र फसवत नाही. पांढऱ्या कुड्याच्या फुलाला बारीक, लांबट नळी असते. पुंकेसर खाली नळीतच दडलेले, त्यामुळे तोंडाशी काही दिसत नाही. काळ्या कुड्याची नळी अगदी आखूड. तिच्या तोंडावर बारीक पांढऱ्या तंतूंची झालर आणि तिच्यातून पुंकेसरांचा टोकदार सुळका बाहेर आलेला. भिंग लागत नाही, फूल डोळ्यांजवळ धरलं की पुरतं.

फुलं गळून गेली असली तर शेंगा बघायच्या. दोन्हीकडे त्या जोडीनंच लोंबतात, वीतभर किंवा त्याहूनही लांब. काळ्या कुड्याच्या कोवळ्या जोडीची खालची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात, चिमटा उलटा टांगावा तशी. पुढे पिकताना ती सुटतात, म्हणून ही खूण हिरव्या शेंगांपुरतीच धरावी. पांढऱ्याच्या दोन्ही शेंगा पहिल्यापासून सुट्या, आणि अंगावर बारीक पांढुरके ठिपके.

पानावर माझा फारसा भरवसा नाही. पांढऱ्याचं पान मोठं, रुंद, त्यावरच्या समांतर शिरा ठसठशीत. काळ्याचं लहान आणि निमुळतं, हे खरं आहे. पण वणवा किंवा कुऱ्हाड लागून गेली की बुंध्यातून नवे धुमारे येतात आणि त्यांची पानं नेहमीपेक्षा खूप मोठी होतात. साताऱ्याच्या डोंगरांवर गवताला दरसाल आग लागते, तेव्हा असले धुमारेच जास्त दिसतात. पांढरा कुडा तर मुळांतूनही फुटतो आणि झाडाऐवजी झुडपांची जाळी करून राहतो. पान वापरायचंच असेल तर वाळवून बघा. काळ्या कुड्याचं पान वाळताना निळसर काळं पडतं. त्यापासून पूर्वी निळा रंग काढत, आणि आजही ही पानं खोबरेल तेलात घालून उन्हात ठेवली की तेल जांभळं होतं. गंमत अशी की या ‘काळ्या’ कुड्याचं लाकूड हस्तिदंतासारखं पांढरं असतं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची पारंपरिक लाकडी खेळणी त्याचीच.

जागेवरून अंदाज बांधता येतो, निवाडा नाही. सागरेश्वरच्या बाजूच्या कोरड्या, खडकाळ माळाला काळा कुडा अधिक मानवतो. चांदोलीकडे पाऊस वाढतो तसा पांढरा. मधल्या टेकड्यांवर मात्र दोघं शेजारी उभे राहू शकतात.

एवढा खटाटोप कशाला, असं कोणी विचारेल. औषधासाठी. कुटजारिष्ट आणि कुटजघनवटीत लागते ती पांढऱ्या कुड्याची कडूजहर साल. जुलाब आणि आमांशावर आयुर्वेदात तिला मान आहे. काळ्याची साल तशी कडू नसते. बियांनाही बाजारात कडू इंद्रजव आणि गोडे इंद्रजव असं वेगळं म्हणतात: कडू पांढऱ्याचे, गोडे काळ्याचे. तरी एकाच्या सालीत दुसऱ्याची भेसळ होते, आणि पावडर केलेल्या सालीत ना झालर सापडते, ना चिकटलेली टोकं. वैद्यासाठी साल गोळा करणाऱ्यानं म्हणून फांदीवर फूल किंवा हिरवी शेंग असताना झाडाला खूण करून ठेवावी आणि सोलायला नंतर जावं. तेही बुंध्याभोवती पूर्ण वेढा न सोलता, नाहीतर वरचं झाड वाळून जातं.