पॉयरोच्या गोष्टीतलं विष खरं का असतं?

१९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने गुप्तहेरकथा लिहिणाऱ्यांसाठी दहा नियम मांडले. नॉक्स स्वतःही अशा कथा लिहीत असत. त्यांचा एक नियम असा: अजून शोधच लागलेला नाही असं विष कथेत वापरायचं नाही. दहांपैकी हाच मला सर्वांत मोलाचा वाटतो. अगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेने रंगवलेल्या हर्क्युल पॉयरो या गुप्तहेराच्या कथा शंभर वर्षांनंतरही हातातून सुटत नाहीत, त्याचं कारण या नियमाच्या आसपास सापडतं. ख्रिस्तींनी तो नियम लिहिला जाण्याच्या नऊ वर्षं आधी, आपल्या पहिल्याच कादंबरीत पाळला होता.

पहिल्या महायुद्धात ख्रिस्ती इंग्लंडमधल्या टॉर्की या गावी रेडक्रॉसच्या रुग्णालयात आधी परिचारिका होत्या, मग औषधं तयार करून देणाऱ्या विभागात गेल्या. आपल्याकडे पूर्वी कंपाउंडर करायचे तेच हे काम. १९१७ साली त्यांनी त्याची परीक्षाही दिली. तिथला एक प्रसंग त्यांच्या आत्मचरित्रात आहे. त्यांना शिकवणाऱ्या औषधविक्रेत्याकडून सपोझिटरीचं, म्हणजे गुदद्वारातून द्यायच्या औषधी वडीचं, मिश्रण करताना दशांश चिन्ह चुकलं आणि औषधाची मात्रा दहापट झाली. शिकाऊ मुलीने गुरूला चूक कशी दाखवायची? ख्रिस्तींनी अडखळल्याचं नाटक करून तो ट्रे पाडला आणि सगळा माल पायाखाली तुडवला. औषध आणि विष यांत फरक असतो तो मात्रेचा, हे त्या तिथे शिकल्या.

याच काळात त्यांनी पॉयरोची पहिली कादंबरी लिहिली. ती १९२० साली प्रसिद्ध झाली. ज्यांनी ‘द मिस्टिरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ वाचलेली नाही त्यांना आधीच सांगून ठेवतो: खुनी कोण ते मी सांगणार नाही, पण खून कसा झाला ते पुढे येणार आहे.

तिथलं विष आहे स्ट्रिकनिन. कोकणात ज्या झाडाला काजरा म्हणतात, त्याच्या चपट्या, गोल बियांत ते असतं. आपण हात वाकवतो तेव्हा एक स्नायू आकुंचन पावतो आणि त्याच्या विरुद्ध बाजूच्या स्नायूला ‘तू सैल हो’ असा निरोप मज्जारज्जूतून जातो. हा निरोप नेण्याचं काम ग्लायसिन नावाचं रसायन करतं. स्ट्रिकनिन ग्लायसिनची जागा अडवून बसतं. मग सगळे स्नायू एकाच वेळी आवळले जातात, पाठ धनुष्यासारखी ताणली जाते आणि बहुधा रोगी शुद्धीवर असतानाच हे सारं भोगतो. इतकं भयंकर असूनही त्या काळी अगदी अल्प मात्रेत ते शक्तिवर्धक औषधात घालत असत. ख्रिस्तींच्या कादंबरीतल्या वृद्ध बाई असंच औषध रोज घेत असतात.

आता रसायनशास्त्राचा भाग. स्ट्रिकनिनचं सल्फेट पाण्यात विरघळतं. त्या द्रावणात भरपूर ब्रोमाइड मिसळलं, तर स्ट्रिकनिनचा ब्रोमाइड क्षार तयार होतो. तो फारसा विरघळत नाही, त्याचे बारीक स्फटिक हळूहळू तळाशी बसतात. वरचं औषध रोज घेतलं तरी अपाय नाही. शेवटच्या डोसात मात्र जवळजवळ सगळं विष एकदम पोटात जातं. ब्रोमाइड त्या काळी झोपेच्या पुड्यांत सर्रास असायचं, आणि त्या पुड्यांचं खोकं वाचकाला कादंबरीत दिसलेलं असतं. इंग्लंडमधल्या औषधविक्रेत्यांच्या नियतकालिकाने या कादंबरीतल्या विषाच्या अचूकपणाची वाखाणणी केली. ख्रिस्तींना त्याचं फार अप्रूप होतं.

वाचकांपैकी किती जणांना हा क्षार ठाऊक असेल? फार थोड्यांना. पण खोकं, बाटली आणि शेवटचा डोस सगळ्यांसमोर असतात. आपल्याला थोडं कळलेलं असतं, थोडं राहिलेलं असतं. माझ्या मते पॉयरोची सगळी ओढ या अर्धवट कळण्यात आहे, आणि २००९ साली कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेतल्या एका प्रयोगातून त्याला आधार मिळतो. तिथे लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले आणि उत्तराची किती खात्री वाटते, उत्सुकता किती आहे, हेही विचारलं. उत्तराची काहीच कल्पना नसेल तर उत्सुकता कमी, पक्की खात्री असेल तरीही कमी. मध्ये कुठेतरी, ‘माहीत आहे असं वाटतंय खरं’ अशा अवस्थेत, ती सर्वांत तीव्र. लेखकाने मनाने रचलेलं विष आपल्याला पहिल्या टोकाला नेऊन सोडतं. तिथे तर्क लढवायला जागाच नसते. खऱ्या विषाचे गुण लेखक वाटेल तसे बदलू शकत नाही, म्हणून पॉयरोशी आपली बरोबरीची लढत होऊ शकते.

मग समोर असलेलं आपल्याला दिसत कसं नाही? एक प्रश्न पाहा: वनवासाच्या चौदा वर्षांत राम, सीता आणि भरत कोणकोणत्या अरण्यांत राहिले? दंडकारण्य आठवू लागला असाल तर भरत तिथे नव्हताच, हे हातून निसटलं. बायबलमधल्या महापुरात नौका बांधून प्राणी वाचवणाऱ्या नोहाच्या जागी मोझेस या दुसऱ्याच संदेष्ट्याचं नाव घालून असाच प्रयोग केला गेला, तो १९८१ साली प्रसिद्ध झाला. खरं उत्तर माहीत असलेले लोकही फसले. वाक्याचा अर्थ साधारण जुळला की मेंदू एकेक शब्द तपासत बसत नाही. ख्रिस्तींची हातचलाखी नेमकी इथे आहे. महत्त्वाची वस्तू त्या दोन किरकोळ वस्तूंच्या मध्ये ठेवतात, किंवा तिचा उल्लेख होताच कुणीतरी भांडायला लागतं.

उलगड्याच्या क्षणी जे होतं त्याचाही अभ्यास झाला आहे. चहा, खत, दाणा. या तिन्हींना जोडता येईल असा एक शब्द शोधा. ‘पाणी’ हे उत्तर आलं की ते बहुधा एकदम येतं, पायरीपायरीने नाही. अमेरिकेत २००४ साली अशाच कोड्यांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की उत्तर अचानक सुचतं तेव्हा उजव्या कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या टेम्पोरल खंडात, हालचाल वाढते. उत्तर आल्याचं सांगण्याच्या सुमारे ०.३ सेकंद आधी विद्युतलहरींची एक झेप नोंदली गेली. लांब पसरलेले धागे एकत्र बांधण्याचं काम हा भाग करतो, असं संशोधकांचं म्हणणं. पॉयरो सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून बोलायला लागतो तेव्हा आपल्याकडे धागे असतात, गाठ तेवढी राहिलेली असते.

उत्सुकतेचा आणखी एक परिणाम आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की माणूस एखाद्या उत्तरासाठी उत्सुक असतो तेव्हा मधल्या वेळात दाखवलेले, त्या उत्तराशी संबंध नसलेले चेहरेही त्याच्या जास्त लक्षात राहतात. रहस्यकथेतला बारीकसारीक तपशील वर्षानुवर्षं टिकतो, त्यामागे हे एक कारण असू शकेल.

असा तपशील लक्षात राहिल्याने एक जीव वाचल्याचं उदाहरण आहे. ती कादंबरी पॉयरोची नाही, १९६१ सालची ‘द पेल हॉर्स’ आहे. तिच्यातलं विष थॅलियम या धातूचं. थॅलियमचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, आकाराने आणि विद्युतभाराने पोटॅशियमच्या इतका जवळ की पेशी त्याला पोटॅशियम समजून आत घेतात. आत गेल्यावर तो चेतातंतू बिघडवतो, आणि काही दिवसांनी केस गळायला लागतात. सुरुवातीची लक्षणं डझनभर आजारांसारखी दिसतात. १९७७ साली कतारहून आणलेली १९ महिन्यांची एक मुलगी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात होती आणि डॉक्टरांना निदान होत नव्हतं. तिथली परिचारिका ही कादंबरी वाचत होती. मुलीचे केस गळताना पाहून तिने थॅलियमची शंका बोलून दाखवली. तपासणीत थॅलियमच निघालं. घरात वापरलेल्या कीटकनाशकातून ते मुलीच्या पोटात गेलं होतं. त्यावर उपचार सुरू झाले आणि मुलगी बरी झाली. डॉक्टरांनी हा रुग्णवृत्तान्त वैद्यकीय नियतकालिकात छापला, तेव्हा ख्रिस्तींचेही आभार मानले.