फॉरवर्ड पास नोत्र दामने शोधला नाही हो

अमेरिकन फुटबॉल (तो लांबट बॉलवाला, आपला नेहमीचा नाही) चा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतंच की बॉल पुढे फेकायची आयडिया, म्हणजे फॉरवर्ड पास, 1913 मध्ये नोत्र दाम कॉलेजच्या डोराय आणि रॉकनी या खेळाडूंच्या जोडीने काढली. चूक आहे ते.

हा पास 1906 लाच नियमात बसला होता, आणि त्याच वर्षी 5 सप्टेंबरला सेंट लुईस युनिव्हर्सिटीच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने कॅरोल कॉलेजविरुद्ध तो टाकलाही. पहिला तर वायाच गेला, आणि तेव्हाचा नियम असा खडूस की कुणाचा हात न लागता बॉल खाली पडला की सरळ समोरच्यांना, म्हणून बाकीचे कोच घाबरायचे, पण यांचे कोच एडी कोकेम्स हटले नाहीत, नंतरच्या पासवर टचडाऊन (बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेणं, म्हणजे थेट पॉइंट) झाला आणि त्या सीझनला 11 पैकी 11 मॅच खिशात.

मग नाव नोत्र दामचं का? कारण 1 नोव्हेंबर 1913 ला त्यांनी दादा टीम आर्मीला (अमेरिकन लष्करी अकादमीची टीम) पास टाकटाकून 35-13 ने धुतलं, आणि ते अमेरिकेच्या पूर्वेकडच्या मोठ्या पेपरवाल्यांच्या डोळ्यांदेखत. सेंट लुईसकडे कोण बघतंय! गंमत म्हणजे खुद्द रॉकनीनेच नंतर कोकेम्सना श्रेय दिलंय.