सहकाऱ्यांमधील मैत्री आणि मर्यादा (शालेय विनोदी मालिका)

शाळा हेच पात्रांचे कामाचे ठिकाण असलेल्या दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांमध्ये शिक्षक, मुख्याध्यापक आणि इतर कर्मचारी यांच्यात जुळणारी मैत्री व त्या मैत्रीला पडणाऱ्या मर्यादा हा एक मध्यवर्ती कथाविषय आहे. कार्यालयात घडणाऱ्या मालिकांतही तो आढळतो, परंतु शाळेत त्याचे रूप पालटते. कार्यालयातील माणसे दिवसभर एकमेकांच्या नजरेसमोर असतात. शिक्षक मात्र वर्गाचे दार लावले की मुलांच्या गराड्यात एकटाच मोठा माणूस उरतो. मन मोकळे करायला त्याला मधली सुट्टी, दोन तासांमधली काही मिनिटे आणि शाळा सुटल्यानंतरचा वेळ एवढेच मिळते. त्यामुळे येथील मैत्री तुकड्यातुकड्यांनी वाढते, आणि बोलणे ऐन रंगात आले असताना घंटा होणे हा केवळ विनोदाचा भाग राहत नाही, तर मुले आधी आणि आपण नंतर या मर्यादेची ती आठवण असते.

जुन्या शालेय मालिकांचा भर शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या नात्यावर होता. ब्रिटनमधील ‘प्लीज सर!’ (१९६८–७२) आणि अमेरिकेतील ‘वेलकम बॅक, कॉटर’ (१९७५–७९) या दोन्हींत वर्गातील द्वाड मुले आणि त्यांना सांभाळणारा एक शिक्षक हे कथेचे केंद्र होते; सहकारी बहुधा अडथळा म्हणून किंवा तोंडी लावण्यापुरते येत. शिक्षकांचे आपसांतील नाते केंद्रस्थानी आणणाऱ्या मालिकांत ‘ॲबट एलिमेंटरी’चे स्थान महत्त्वाचे आहे. क्विंटा ब्रन्सन यांनी निर्माण केलेली ही मालिका अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. फिलाडेल्फियातील निधीअभावी ओढाताण सोसणाऱ्या एका सरकारी प्राथमिक शाळेत ती घडते. ब्रन्सन यांच्या आई त्याच शहरात बालवर्गाच्या शिक्षिका होत्या, आणि शाळेचे नाव ब्रन्सन यांच्या सहावीच्या शिक्षिकेच्या आडनावावरून घेतले आहे. लेखनातील आपुलकीचे मूळ बऱ्याच अंशी येथे असावे.

या मालिकेत मैत्रीची सुरुवात अभावातून होते. पहिल्याच भागात दुसरीच्या शिक्षिका जनीन टीग्स यांना वर्गासाठी नवा गालिचा हवा असतो. शाळेला पैसे मिळतातही, पण मुख्याध्यापिका एव्हा कोलमन ते शाळेच्या नव्या फलकावर खर्च करतात. अखेरीस गालिचे येतात ते मेलिसा शेमेंटी या अनुभवी शिक्षिकेच्या ओळखीपाळखीतून. येथे कोणी कोणाला मैत्रीण म्हणत नाही. अडलेल्या सहकाऱ्याचे काम करून देणे हीच जवळिकीची पहिली खूण ठरते. जनीन मात्र तेवढ्यावर थांबत नाहीत. ज्येष्ठ शिक्षिका बार्बरा हॉवर्ड यांच्यात त्या आईची माया शोधतात. बार्बरा आधार देतात, प्रसंगी कौतुकही करतात, पण घरोबा आणि कामाचे नाते यांतील अंतर त्या जाणून असतात. हे अंतर मालिका कोरडेपणा म्हणून दाखवत नाही, हे तिचे मोठेपण आहे. वर्षानुवर्षे शिकवत आलेल्या बाईंनी स्वतःसाठी काही राखून ठेवले आहे, आणि म्हणूनच त्या टिकल्या आहेत, हे प्रेक्षकाला हळूहळू उमगते.

माहितीपटाच्या धर्तीची मांडणी या विषयाला विशेष पोषक ठरते. शाळेत चित्रीकरण करणारा एक चमू आहे असे मानले असल्यामुळे पात्रे अधूनमधून कॅमेऱ्याशी एकट्याने बोलतात. सहकाऱ्यापुढे गिळलेला शब्द तेथे बाहेर पडतो. कोणाला काय सांगायचे आणि कोणापासून काय राखायचे, ही मर्यादा त्यामुळे डोळ्यांना दिसू लागते. जनीन यांचे सहकारी शिक्षक ग्रेगरी एडी यांच्या बाबतीत हे सर्वांत स्पष्ट होते: जनीनविषयीची ओढ ते महिनोन्‌महिने तोंडाने कबूल करत नाहीत, पण कॅमेऱ्याकडे टाकलेला एक कटाक्ष सारे सांगून जातो. दुसऱ्या पर्वात शिक्षक-परिषदेच्या वेळी दोघे जवळ येतात, तरी पर्वाच्या शेवटी जनीन आधी स्वतःकडे लक्ष देण्याचे ठरवतात. मैत्री टिकवण्यासाठी प्रेम लांबवण्याचा हा निर्णय पुष्कळ प्रेक्षकांना जिवाला लागणारा असला, तरी व्यक्तिरेखेशी प्रामाणिक आहे. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस ते एकत्र येतात. चौथ्याच्या आरंभी हे नाते शाळेत लपवू पाहतात.

अधिकाराच्या नात्यात मर्यादेचा प्रश्न अधिक नाजूक होतो. ग्रेगरी यांना मुख्याध्यापकपद हवे होते, ते एव्हा यांना मिळाले आणि ग्रेगरी त्यांच्या हाताखाली बदली शिक्षक म्हणून रुजू झाले. पहिल्या पर्वात एव्हा त्यांच्याशी जी उघड लगट करतात ती हशासाठी लिहिलेली आहे. परंतु वरिष्ठाने कनिष्ठाशी असे वागणे हा खऱ्या शाळेत तक्रारीचा विषय ठरेल, आणि त्या पर्वाचा तो कच्चा दुवा मानावा लागतो. पुढे हा भाग बराच कमी झाला आणि एव्हा यांची व्यक्तिरेखा त्यामुळे अधिक सखोल झाली.

याच्या अगदी उलट टोकाला मेलिसा आणि शिक्षक जेकब हिल यांची जोडी आहे. स्वभावाने एकमेकांना न पटणारे हे दोघे तिसऱ्या पर्वात एकाच घरात राहू लागतात. रात्री एका घरात असलेली ही माणसे सकाळी स्टाफरूममध्ये पुन्हा सहकारी म्हणून समोरासमोर बसतात.