नॅरोगेजचा डबा आणि कोकणची खारी हवा

जुना रेल्वेचा डबा वाचवायचा म्हटलं की लोक आधी रंग आणतात, म्हंजे घासा, प्रायमर मारा, वर चकचकीत ऑइलपेंट, नारळ फोडा, फोटो काढा, झालं रिस्टोरेशन. घाटावर हे काही वर्षं खपून जाईलही, पण किनाऱ्यावर लवकरच पापुद्रे सुटायला लागतात.

कारण मीठ. समुद्राच्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ पत्र्यावर बसतं, आणि हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की ते हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईड पण असतं, ते तर त्याहून हावरट, त्याला 33 टक्के पुरतात. म्हणजे पाऊस नसला तरी लोखंड खाऱ्या पाण्याच्या पातळ थरात भिजलेलंच, आणि गंजणं ही मुळात विजेची भानगड, खाऱ्या पाण्यातून वीज छान वाहते. वरून रंग मारला की हे मीठ आत कोंडलं, बस्स.

आपल्याकडे नॅरोगेज म्हटलं की नेरळ-माथेरान, 1907 ची लाईन, दोन रुळांत अंतर जेमतेम 2 फूट. त्या काळचे डबे सहसा खाली लोखंडी सांगाडा आणि वर लाकूड असे. सागवान असेल तर त्यात मुळातच तेल असतं, वाळवी सहसा तोंड लावत नाही. पण खिडकीखालची पट्टी उचकटून बघा, प्रत्येक लोखंडी स्क्रूभोवती काळं कडं दिसतं, स्क्रू बाहेर काढला तर डोकं शाबूत आणि मधली कंबर खाऊन सुईएवढी. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तो फुगतो आणि चांगलं लाकूड आतून चिरतो.

म्हणून पहिलं काम गोड्या पाण्याने धुणं, परत परत. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले आणि ते दुधाळ झालं तर मीठ अजून आहे, रंगाला हात लावायचा नाही. मग उरलेल्या गंजावर टॅनिक अ‍ॅसिड, त्याने गंज निळाकाळा आणि बराच स्थिर होतो. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, मिळून जुनी काळी शाई व्हायची ना, रसायन तेच!

जुना रंग कोरडा घासायचा नाही हं, त्यात शिसं असू शकतं आणि ती धूळ थेट छातीत जाते. शिवाय एका कोपऱ्यात नखाएवढ्या पायऱ्या करत थर उघडले तर डबा आधी कुठल्या रंगाचा होता तेही कळतं, सगळं खरवडून काढलं की तो पुरावा गेला.

आणि ठेवायचा कसा, तर पावसाळ्यात होड्या माडाच्या विणलेल्या झापांखाली ठेवतात तसा, वरून पाणी नाही पण बाजूंनी वारा खेळता. निळी प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट आवळून बांधली तर रात्री पत्रा गार होतो, आतली दमट हवा त्यावर पाणी सोडते आणि त्या पाण्याला बाहेर जायला वाटच नाही, त्यापेक्षा उघडा डबा परवडला.