बायोगॅस नळवाहिनीतील कमाल वायुप्रवाह

बायोगॅस नळवाहिनीतील कमाल वायुप्रवाह : ठरावीक दाबघट (नळीच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक) मान्य केल्यास कमी दाबाच्या बायोगॅस नळीतून तासाला जास्तीत जास्त किती वायू जाईल, ते काढण्याची रीत. येथे दाब फार कमी असतो आणि तो मिमी. पाणीस्तंभात, म्हणजे तितक्या उंचीच्या पाण्याच्या दाबाइतका, मोजतात. त्यामुळे नळीच्या दोन टोकांमधील घनतेचा फरक नगण्य ठरतो आणि वायू असंपीड्य (दाबाने आकारमान न बदलणारा) धरून गणित करता येते.

रूढ सूत्र पोल यांचे आहे : प्र = ०.००७१ √(व्य⁵ × दा ÷ (घ × लां)). यात प्र हा ताशी घनमीटरमधील प्रवाह, व्य हा मिमी.मधील अंतर्व्यास, दा ही मिलिबारमधील दाबघट, लां ही मीटरमधील लांबी आणि घ ही हवेच्या तुलनेतील घनता होय. ६० टक्के मिथेन व ४० टक्के कार्बन डाय-ऑक्साइड असलेल्या कोरड्या बायोगॅससाठी घ सुमारे ०.९४ येते. दाबघट चुकून पाणीस्तंभाच्या मिमी.मध्ये भरली, तर उत्तर तिपटीहून मोठे येते.

सूत्राचा उगम कोळशापासून काढलेल्या दिव्यांच्या वायूच्या जाळ्यांत आहे. इंग्रज अभियंते विल्यम पोल (१८१४–१९००) यांच्या नावाने ते ओळखले जाते आणि ते साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आले असावे. मूळ रूप घनफूट, इंच व यार्ड या मापांतले असून त्याचा स्थिरांक १३५० होता. रूपांतर केल्यावर ०.००७१ हाच आकडा मिळतो. मात्र सूत्राची बांधणी पाहता ते वाइसबाख यांच्या नळीतील घर्षणाच्या सूत्राचे (१८४५), घर्षणांक (नळीच्या घर्षणाचे माप दाखवणारा अंक) कायम धरून केलेले विशेष रूप मानणे अधिक सयुक्तिक वाटते. उलट दिशेने गणित केल्यास हा गृहीत घर्षणांक सुमारे ०.०२६ निघतो. काही पुस्तकांत याच्या एक चतुर्थांश, म्हणजे ०.००६६ च्या आसपासचा आकडा दिसतो. ती घर्षणांकाच्या फॅनिंग यांनी केलेल्या व्याख्येची किंमत असते; दोन व्याख्यांची सरमिसळ झाली की दाबघट चौपट चुकते.

खरी अडचण या स्थिर घर्षणांकात आहे. रेनल्ड्स यांचा स्तरीय (संथ, थराथरांनी वाहणाऱ्या) व संक्षुब्ध (भोवऱ्यांच्या) प्रवाहांविषयीचा प्रयोग १८८३ चा, म्हणजे सूत्रानंतरचा. शहरातल्या रुंद नळांना ०.०२६ शोभतो, घरगुती बायोगॅसच्या बारीक नळीत मात्र रेनल्ड्स अंक (वेग × व्यास × घनता ÷ श्यानता; प्रवाह कोणत्या प्रकारचा ते यावरून कळते) बहुधा २,००० च्या खाली राहतो आणि प्रवाह स्तरीय असतो. १२ मिमी. अंतर्व्यासाची ५० मी. नळी व ताशी ०.४५ घ.मी. वापर घेऊ. पोल सूत्राने घट सुमारे ८ मिमी. पाणीस्तंभ येते. प्रत्यक्षात रेनल्ड्स अंक १,२०० च्या आसपास, घर्षणांक ०.०५३ आणि घट जवळजवळ १६ मिमी. होते. तेव्हा आधी रेनल्ड्स अंक काढावा. तो २,००० च्या खाली असल्यास स्तरीय प्रवाहाचे हागेन–प्वाझय सूत्र वापरावे (बायोगॅसची श्यानता, म्हणजे चिकटपणा, सुमारे १.२५ × १०⁻⁵ पास्कल-सेकंद). २,००० ते ४,००० या संक्रमणपट्ट्यात घर्षणांक ०.०४ धरणे सुरक्षित. २० मिमी. अंतर्व्यास, ५० मी. लांबी व १ मिलिबार घट असताना पोल सूत्र ताशी १.८५ घ.मी. देते, तर ०.०४ धरल्यास १.५ घ.मी. येते. नळीचा आराखडा करताना १.५ हाच आकडा घ्यावा.

व्यास नेहमी आतला मोजावा. प्लॅस्टिक नळी बहुधा बाहेरच्या व्यासावरून ओळखली जाते. ‘२०’ च्या नळीची आतली पोकळी १६ मिमी. असेल, तर पोल सूत्राने क्षमता ४३ टक्क्यांनी घटते. प्रत्येक एल्बोसाठी (काटकोनी वळणाच्या जोडासाठी) सुमारे ३० व्यासांइतकी लांबी जोडावी. पूर्ण उघडलेल्या बॉल व्हॉल्व्हची घट किरकोळ असते.

मान्य दाबघट म्हणजे टाकीतील दाब वजा शेगडीला लागणारा दाब. वायू साठेल तशी वर उचलल्या जाणाऱ्या तरंगत्या टाकीत दाब जवळपास स्थिर राहतो. न हलणाऱ्या स्थिर घुमटाच्या संयंत्रात तो वापरागणिक उतरतो, म्हणून तिथे गणित सर्वांत कमी दाबावर करावे. शेगडीच्या जेटमधून (वायू सोडणाऱ्या बारीक छिद्रातून) जाणारा वायू दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. २.२ मिमी.च्या जेटमधून ७५ मिमी. पाणीस्तंभाच्या दाबाला ताशी सुमारे ०.४५ घ.मी. जातो. नळीने दाब खाल्ला की जेटचा प्रवाह उतरतो आणि त्याबरोबर नळीतली घटही. म्हणून गणित पुन्हा करत जावे; दोन-तीन फेऱ्यांत उत्तर स्थिरावते.

ही सारी आकडेमोड कोरड्या नळीची आहे. बायोगॅस बाष्पाने संपृक्त असतो, ३०° से.वरून २०° से.ला थंड होताना दर घनमीटरमागे सुमारे १३ ग्रॅम पाणी गळते. नळीला झोळ (मध्येच खाली लोंबणारा भाग) असेल, तर रोज घनमीटरभर वापरात आठ-दहा दिवसांत तिथे शंभरेक मिलिलिटर पाणी साठते आणि २० मिमी.ची पोकळी बुजते. वायू ते पाणी पुढच्या चढावर ढकलतो. तिथला स्तंभ १० सेंमी. झाला, की १० सेंमी. पाणीस्तंभाच्या दाबाला प्रवाह शून्य होतो, मग व्यास कितीही असो. त्याआधी ज्योत धडधडू लागते, वरखाली होते. ही खूण ओळखून झोळ शोधावा. नळीला १ टक्का उतार द्यावा व सर्वांत खालच्या जागी पाणी काढण्याची टी (तीन तोंडांचा जोड) बसवावी. यू आकाराचा ट्रॅप (पाण्याने भरलेली वाकडी नळी) असल्यास त्याची खोली टाकीतील कमाल दाबाहून जास्त हवी, नाहीतर वायू पाणी उडवून तिथूनच बाहेर पडतो.